दोन हुकूम, बाकी सल्ला

कोची,
१० जानेवारी २०२५

ती. अप्पांस,
दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर जेवणखाण विचारायचं आणि खरं बोलणं पत्रात लिहायचं, हा आपल्या घरचा नियम तुमच्या नौदलातल्या नोकरीपासूनचा. तेव्हा जहाजावरून तुमचं पत्र यायचं आणि अव्वा मला वाचून दाखवायची. आता मी लिहिते, तुम्ही वाचा.

मला जहाज मिळालं. मोठं नाही. तुम्ही ज्याला काडेपेटी म्हणायचात तसलं, मागच्या बाजूला जेमतेम एक चेतक हेलिकॉप्टर उतरेल एवढा डेक असलेलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं, दोन महिने बाहेर. दोन पायलट, त्यातली धाकटी मी. आत्तापासून तयारी, म्हणून यंदा गड्ड्याच्या यात्रेला येता येणार नाही. अव्वा रुसेल, तिला तुम्हीच सांगा.

आम्ही उतरायला शिकलो ते किनाऱ्यावर आखलेल्या चौकोनात. तो हलत नाही. खरा डेक हलतो, समोर हँगरची भिंत असते, आणि शेवटी शेवटी चाकाखाली काय आहे ते पायलटला दिसत नाही. अशा वेळी मला आपली गच्ची आठवते. तुम्ही चुन्यानं गोल काढायचात. मी हात पसरून हेलिकॉप्टर व्हायचे. तुमच्या दोन्ही हातांत अव्वाचे नारिंगी टॉवेल. पायलट डेककडं बघत नाही, टॉवेलवाल्याकडं बघतो, असं तुम्ही सांगायचात. खुणा पुष्कळ, पण त्यात हुकूम दोनच: थांब आणि परत जा. बाकी सगळा सल्ला. परत जा म्हटलं की कारण विचारायचं नाही, उचलायचं आणि निघायचं. मी एकदा कारण विचारलं, तर त्या दिवशी तुम्ही मला पुन्हा उतरूच दिलं नाही.

पुस्तकात नसतं ते लिहून पाठवा. लोभ आहे तो डेकवरही पुरावा.

तुमची
दानेश्वरी


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
१८ जानेवारी २०२५

चि. दानेश्वरीस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अव्वानं आधी फोडलं. शेजारच्या निंगव्वाला पेढे देऊन सांगून आली की पोरगी आता ट्रकच्या टपावर विमान उतरवणार. निंगव्वानं विचारलं, घसरलं तर काय? अव्वा म्हणाली, तिचा बाप हाय की धरायला. चिंचोळीला कंपनीच्या गेटवर मी सिक्युरिटी बघतो, तिथल्या पोरांना बातमी कळली तर दिवसभर मलाच सलाम ठोकत होती.

पुस्तकात नसतं ते असं. डेक वर येतो, खाली जातो, त्याच्यामागं जाऊ नकोस. लाटा एकामागून एक येतात आणि मध्येच जहाज थोडा वेळ शांत होतं, दमलेल्या म्हशीसारखं. त्या वेळेची वाट बघायची. डेकवर उभा असलेला माणूस ती वेळ ओळखतो, तो उगाच उभा नसतो. खाली टेकलं की पोरं वाकून दोर बांधायला धावतात. ती पंख्याखालून बाहेर येईपर्यंत हात हलवायचा नाही.

एक विचारतो. मोठ्या जहाजासाठी शब्द टाकता येतो का? लई मोठा डेक, माणसं जास्त. विचारलं म्हणून कमीपणा येत नाही. हा सल्ला समज, हुकूम नाही.

अव्वा ठणठणीत. माझे गुडघे सोडून सगळं बरं. पत्र तुटू देऊ नकोस.

तुझा
अप्पा


कोची,
१६ फेब्रुवारी २०२५

अप्पांस,
नमस्कार. विनंती काही नाही.

तुम्ही फोन करताय, मी उचलत नाही. तुमचा आवाज आला की मी विश्वास ठेवते, म्हणून.

जहाज निघायच्या दोन दिवस आधी कमांडर साहेबांनी मला बोलावलं. तुझ्या वडिलांचा फोन होता, आई अत्यवस्थ आहे, काही सांगता येत नाही, असं म्हणाले. डॉक्टरचा कागद कुणी मागितला नाही. डेकवरचा जुना चीफ आहे, असा माणूस खोटं बोलत नाही, हे साहेबांचे शब्द. पुण्याच्या विमानाचं त्यांनीच बघितलं.

पुण्याहून येताना गाडीत मी ठरवत होते, अव्वाला कुठली इरकल नेसवायची.

घरी आले तर ती उखळात शेंगा कुटत होती. मी तिचं मनगट धरून नाडी बघत बसले. ती म्हणाली, हात सोड, चटणी सांडंल. तुम्ही दारात उभे होतात. मला म्हणालात, आधी जेवून घे.

रजा मिळत नसली की जहाजावरची पोरं गावाकडून तार मागवायची, मदर सीरियस. तुम्ही त्यांच्या नकला करायचात, आम्ही हसून लोळायचो. असल्यांच्या हातात मी डेकवर दोर दिला नसता, असंही तुम्हीच म्हणायचात.

माझ्या जागी दुसरा गेला. मी कोचीला परत आल्यावर साहेबांनी अव्वाची तब्येत विचारली. खरं सांगितलं तर तुमचं नाव जातं, नाही सांगितलं तर मी खोटी. आता बरी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी देवाचे आभार मानले.

परत जा म्हटलं की कारण विचारायचं नाही. मी विचारलं नाही. ज्या खुणेचं कारण कुणी विचारत नाही, ती खोटी देता येत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं?

शेवटी लोभ असावा असं लिहायची हाताला सवय आहे. इथं थांबते.

दानेश्वरी


सोलापूर,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. दानी,
मरणाच्या दारातून माघारी आलेल्या अव्वाचा आशीर्वाद.

मी मरायला टेकले हे मला कुणी सांगितलंच न्हाय. तू मनगट धरलंस तवा कळलं.

तुज्या बापाशी मी बोलत न्हाय. ताट वाढते, बोलत न्हाय. मीठ मागितलं तर बरणीकडं बोट दावते. पहिल्या दिवशी तेवढं बोलले. म्हटलं, मरण काढायचंच होतं तर तुमचं काढायचं की. तर म्हणाला, बापाचं नाव घेतलं तर विचार करत्यात, आईचं घेतलं की सोडत्यात. बघ, किती अभ्यास केला हुता. मला इचारलं असतं तर मी न्हाय म्हटलं असतं, म्हणून इचारलं न्हाय.

निंगव्वा रोज इचारती, पोरगी एवढ्या घाईनं आली का आन न जेवता गेली का. काय सांगू तिला? माझं मरण सांगू?

गच्चीवरच्या त्या गोलावर मी आता पापड वाळत घालते. तुजा बाप वर येतो, बघतो, खाली जातो.

माणूस वाईट न्हाय, असं मी तुला सांगनार न्हाय. तुला ठावं हाय, मला बी. म्हणून तर राग जात न्हाय.

चटणी पाठवली हाय. सांडली न्हाय. मला फोन करत जा, मी जित्ती हाय का ते मलाच इचारत जा.

तुझी
अव्वा


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
९ मार्च २०२५

चि. दानेश्वरीस,
आशीर्वाद. घेतलेस तर.

तुझं पत्र गेटवर वाचलं. उत्तर लिहायला इतके दिवस लागले.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. असल्याच एका छोट्या डेकवर मी उभा होतो, हातात खुणा करायच्या बॅट्स. चेतक उतरला, चाकं टेकली, पोरं दोर घेऊन धावली आणि जहाज कलंडलं. हेलिकॉप्टर कडेच्या जाळीवरून पाण्यात गेलं. पायलट शेवटपर्यंत माझ्याकडंच बघत होता. चौकशी झाली. कुणाचीच चूक निघाली नाही. माझीही नाही. तेच मला पचलं नाही. चूक असती तर ती कशी टाळायची ते तुला शिकवलं असतं.

गच्चीवर तुला शिकवलं तो खेळ होता. तू तो खरा करशील असं वाटलं नव्हतं. जहाजाचं पत्र आलं तेव्हा अव्वा पेढे वाटत होती आणि मला तो पायलट दिसत होता. मोठं जहाज माग म्हटलं, तू त्याचं उत्तरच दिलं नाहीस.

तू आठ दिवस रागावशील असं धरलं होतं.

माफ कर म्हणत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी काय करीन, याची मला खात्री नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून हे लिहिलं.

तुझा
अप्पा


कोची,
२ एप्रिल २०२५

अप्पांस,
नमस्कार.

तो अपघात आम्हाला वर्गात शिकवतात. वारा, लाट, जहाज किती कललं, सगळं फळ्यावर काढतात. बॅट्स धरलेल्या माणसाचं नाव त्यात नसतं. मला ते नाव माहीत होतं. बारावीत असताना अव्वानं सांगितलं होतं. त्यानंतर तुम्ही पुन्हा त्याच डेकवर जाऊन उभे राहिलात, हेही तिनंच सांगितलं. म्हणून मी फॉर्म भरला. गच्चीवरच्या खेळामुळं नाही.

विचारलं असतंत तर हे सांगितलं असतं. तुम्ही मला सोडून साहेबांना फोन केलात.

पुन्हा जहाजावर नाव लागलं तर तुम्हाला कळवणार नाही. अव्वाला कळवीन आणि तिला तुम्हाला सांगू नको म्हणेन. पूर्वी असलं काही आपल्या घरात नव्हतं.

अव्वाला जपा. खरोखरीचं.

दानेश्वरी


सोलापूर,
२१ सप्टेंबर २०२५

चि. दानेश्वरीस,
अप्पाचे आशीर्वाद.

फोन केलेला नाही, करणारही नाही. अव्वानं तुला दिलेला शब्द पाळला, पण ती दोन दिवस कोचीच्या हवामानाच्या बातम्या बघते आहे. त्यावरून समजलो की तुझं जहाज निघतंय. हे पत्र मुद्दाम फ्लीट मेलनं, नौदलाच्या टपालानं टाकतो. ते तुझ्या मागून येईल आणि जहाज निघाल्यावर कुठल्या तरी बंदरात मिळेल. तोवर तुला थांबवायची सोय माझ्याकडं उरणार नाही.

अव्वाच्या पोटात गाठ निघाली आहे. गुरुवारी ऑपरेशन. हे खरं आहे. खरं आहे असं मला वेगळं लिहावं लागतंय, ते बरोबरच आहे.

तुला कळवायचं नाही अशी तिनं शपथ घातली. मी हो म्हणालो आणि लिहायला बसलो. म्हणजे आता तिचाही विश्वास मोडला. पण तुझ्यापासून आणखी एक गोष्ट झाकून ठेवणं माझ्यानं होईना.

ये म्हणत नाही. ही खूण नाही. तू उतर. डेककडं बघू नकोस, जो उभा असेल त्याच्याकडं बघ. तो मी नाही, म्हणून विश्वास ठेव.

तुझा
अप्पा


जहाजावरून,
५ ऑक्टोबर २०२५

अप्पांस,
नमस्कार.

तुमचं पत्र काल बंदरात मिळालं. वाचलं आणि आधी निंगव्वाला फोन लावला. ती म्हणाली, व्हय, आपरेशन झालं, तुजी अव्वा आता भाकरी मागती हाय, तुजा अप्पा दवाखान्याच्या बाकावरच बसून असतो, घरी जा म्हटलं तर ऐकत न्हाय. मी फोन ठेवला आणि रडले. आधी खात्री केली, मग रडले. हा क्रम तुम्ही माझ्यात घातलात. तो आता जाणार नाही.

रजा मागितली नाही. या खेपेला जहाजावर साहेब तेच आहेत. ते नाही म्हणाले नसते, नुसतं माझ्याकडं बघितलं असतं. आईच्या नावाची रजा एकदाच मागता येते. माझी तुम्ही अव्वा उखळात शेंगा कुटत असताना संपवलीत.

पत्र मिळायच्या आठवडाभर आधी मी डेकवर उतरले. पहिल्या खेपेला नाही. जवळ आले होते, डेक शांत वाटत होता. तेवढ्यात समोरच्या माणसानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली मारत हलवले. परत जा. मी उचललं. कारण विचारलं नाही. पण अप्पा, उचलायच्या आधी माझ्या मनात आलं, हा खरं सांगतोय ना. फक्त तेवढंच. तेवढ्यात डेक खालून वर आला. चाकाखाली किती जागा उरली होती ते त्या माणसानं नंतर हातानं दाखवलं. त्याला वाटलं माझं लक्ष नव्हतं. मी तसंच सांगितलं.

दुसऱ्या खेपेला उतरले.

हे तुम्हाला लागावं म्हणून लिहिलं नाही. खरं बोलणं पत्रात लिहायचं, एवढा एकच नियम आपल्याकडं उरला आहे.

गाठीचा रिपोर्ट आला की लिहा. मी निंगव्वालाही विचारीन. अव्वाला सांगा, मला सगळं कळलंय, तुमच्याशी बोलत जा. बाकावर बसून राहू नका, गुडघे धरतात.

लोभ आहेच, तो मागायला नको. दुसरं जे होतं ते मागू नका.

दानेश्वरी