ओळंब्यातला दगड

अब्बा, तुम्हाला मराठीत लिहितेय. घरात आपण दखनीत बोलायचो, पण मला मराठी शाळेत घातलं ते तुम्हीच, तेव्हा आता वाचा. तुम्ही गेल्यावर मी इंजिनिअर झाले, नांदेडला सरकारी खात्यात लागले. किनवटकडच्या ज्या गोंडांच्या गावात तुम्ही एक हिवाळा राहून शाळेच्या खोल्या बांधल्यात, त्याच गावाच्या समाजभवनाचं काम यंदा माझ्या टेबलावर आलं. गोंडांची स्वतःची पंचायत असते. भांडणतंटे, सोयरिकी, सगळं तीच बघते, आणि तिथली पंचायत आजवर मोहाच्या झाडाखाली बसत आली. तिला पक्कं छप्पर मिळणार होतं. बापाच्या शाळेशेजारी लेकीची इमारत म्हणून मी मनातल्या मनात फुगले होते.

तुम्हाला वाकडं कधी सोसलं नाही. माझ्या लहानपणीची ईदची सकाळ आहे, अम्मी स्वयंपाकघरात शीरखुर्मा ढवळतेय आणि तुम्ही नवे कपडे घालून मी ठोकलेल्या फळीकडे बघत उभे आहात. पाहुणे दारात. "टेढा है, निकाल," एवढंच म्हणालात. मी रडत रडत खिळे उपटले. संध्याकाळी तुम्ही भिंत सरळ आहे का बघायचा तुमचा पितळी ओळंबा माझ्या हातात ठेवलात. मैत्रिणींना बांगड्या मिळाल्या होत्या आणि मला दोरीला बांधलेलं वजन. भयंकर राग आला होता. तरी तो अजून माझ्या पर्समध्ये असतो.

मी जागेवर चुन्यानं आखणी करून घेत होते, तेव्हा गावचा म्हातारा प्रमुख आला. त्याला ते पटला म्हणतात. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "मिस्तरीची लेक ना तू? नाक तेच हाय."

मी हसून हाव म्हटलं.

"मंग भेटून घे की. तिकडं बसून राहिला तो." त्यानं रिकाम्या माळाकडे हात केला.

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. म्हाताऱ्याला कळलेलंच नाही असं वाटून मी हळूच म्हणाले, "बाबा, अब्बा गेले. लई वर्षं झाली."

"ठावं हाय. ट्रकवाल्यानं निरोप आणला, तवाच बसवला त्याला."

नकाशात ती जागा पडीक दाखवली होती. गवत बाजूला केलं तर दगडच दगड, उभे रोवलेले, ओळीनं. गेलेल्या माणसासाठी गोंड लोक एक दगड उभा करतात, आणि त्यानंतर तो मेला असं कुणी म्हणत नाही, बसलाय म्हणतात. माझी चुन्याची रेघ शेवटच्या ओळीवरून गेली होती. त्या ओळीत एका दगडापाशी पटला थांबला. "हा मिस्तरी. आमच्यातला न्हाई, पर आमच्यात जेवला, लेकरांला शाळा बांधली. दुसरीकडं कुठं बसवणार?"

बाकीचे सगळे दगड कलले होते. तुमचा सरळ होता. मी ओळंबा काढून लावला, चारी बाजूंनी. केसभर फरक नाही.

"कुणी रोवला हा?"

"आमीच. वाकडाच बसला होता. दुसऱ्या पावसाळ्यात आपसूक नीट झाला," तो म्हणाला, जसं कुणी गाय व्याली म्हणून सांगावं. मी हातातल्या दोरीकडे पाहिलं. माझा हात थरथरत होता आणि ओळंबा हलत नव्हता. मला तुमची भीती वाटली, अब्बा, जन्मात पहिल्यांदा. आणि तरी तिथून उठावंसं वाटेना.

ठेकेदार म्हणाला, दगड उचलून कडेला ठेवू, उद्या जेसीबी येतोय. मी काम थांबवलं आणि अख्खं भवन शाळेच्या बाजूला सरकवलं. मंजुरी नव्यानं घ्यावी लागली. साहेब खेकसले, "चार दगडांसाठी?" मी पूर्वजांचं स्थळ, समाजाच्या भावना असं बरंच बोलले, आणि ते पटलंही त्यांना. भवन उभं राहिलं तेव्हा पंचायतीनं सगळ्यांसमोर माझे आभार मानले. आमच्या पूर्वजांची कदर केलीस म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

तुम्ही पाच वक्ताचे नमाजी. दगडाचं ऐकून तौबा तौबा केली असतीत, मला कळतं. पण आपल्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. तुमचा जनाजा मला गल्लीच्या वळणापर्यंत दिसला, त्यापुढचं भावांनी सांगितलं तेवढंच. माती कुठली, शेजारी कोण, डोक्यापाशी झाड आहे की नाही, काही माहीत नाही. भवन मी त्यांच्या पूर्वजांसाठी सरकवलं नाही, अब्बा. काम कधीच संपलंय, बिलंही निघाली, तरी मी पाहणी आहे सांगून जीप काढते आणि जाऊन तुमच्याशेजारी बसते.