उभ्या होडीचे नऊ सेकंद

२१ सप्टें., रवि. अमावस्या
परत हरलो. मंग्याने आबांच्या खुंटाला त्याची दोरी बांधली आणि माझ्याकडे बघून पचकन पाण्यात थुंकला. मी वल्हं उचललं आणि घातलं त्याच्या पाठीत. त्याने कॉलर धरून मला फळीवर आपटलं. ओठ फाटला, दोन टाके. नाना म्हातारा धक्क्यावरून बोंबलत होता, "आरं एका आज्याची नातवंडं तुमी, लाजा नाय वाटत?" नाय वाटत.

आबा, आमचे आजोबा, श्रावणात गेले तेव्हापासून हा तमाशा. खाडीतले जाळं बांधायचे ते चार खुंट आबांनी स्वतः रोवले, मी दहा वर्षांचा, होडीत बसून पाणी उपसत होतो. आता काकाचा हा मुलगा म्हणतो, निम्मे माझ्या बापाचे. गावकीने निवाडा काय दिला, तर दर अमावस्या-पौर्णिमेला भरती भरली की दोघांनी गव्हाणच्या धक्क्याला होड्या उभ्या करायच्या. नानाने टॉवेल टाकला की सुटायचं. ज्याची दोरी आधी खुंटाला, त्या उधाणाला जाळं त्याचं. आणि दिवाळीच्या अमावस्येला जो आधी पोचेल, खुंट कायमचे त्याचे.

इंजिन दोघांचं सारखंच, चाळीस एचपीचं. एकदा पळायला लागली की माझी होडी त्याला ऐकत नाही. पण उभ्या जागेवरून उठतच नाही रांड! थ्रॉटल पिळला की मागे बसते, तोंड आभाळाकडे, पुढचं काही दिसत नाही. तोंड खाली येऊन सपाट पळेपर्यंत किती ते मोबाइलवर मोजलं. नऊ सेकंद. गाव हसतं, "परश्याची म्हैस उठली काय रं?"

२४ सप्टें., बुध.
हाफ डे टाकून पनवेलला रफीकभाईकडे. पंधरा वर्षं मस्कतला बोटींच्या इंजिनांवर काढली, आता इथे गॅरेज. फोटो बघूनच शिव्या घातल्या. "टाकी मागे, बॅटरी मागे, बर्फाची पेटी मागे, और ऊपर से तू पण मागे. ढुंगणावर बसवलीस तिला, उठेल कशी?" इंजिनाचा पाण्यातला पंखाही चुकीचा म्हणाला. जास्त पिळाचा, पळायला बरा, उठायला भिकार. कमी पिळाचा लाव, वरचा स्पीड थोडा जाईल. म्हटलं जाऊ दे, मला खुंटापर्यंतच जायचंय.

निघताना विचारलं, "भाई है ना तेरा?" म्हटलं, होता.

२८ सप्टें., रवि.
होडी वर ओढली. बुडाचं शेवाळ, शिंपल्या सगळं खरवडलं. प्रत्येक शिंपली म्हणजे मंग्याचं थोबाड समजून. बोटं सोलली पण बरं वाटलं. नवा पंखा बसवला, तोंड कमी उचलावं म्हणून इंजिनची पिन एक भोक आत घेतली. सात सेकंद.
रंजना म्हणाली, "आबांचं वर्षश्राद्ध तरी होऊ द्या, मग मरा दोघं." बायको आहे की वैरीण.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी
एका होडीच्या अंतराने हरलो. धक्क्यावर येऊन मंग्या म्हणतो, "आबांनी तुला होडी हाकायला पन नाय शिकवली." आबांचं नाव काढलंन! त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दात तुटला, अर्धा माझ्या बोटात रुतला. त्याने नांगर फेकला. डोकं वाचलं, होडीची कड फुटली. जीवच घ्यायचा होता त्याला. मलाही घ्यायचा होता, खोटं कशाला लिहू.
घरी आलो तर रंजनाने आटवलेलं दूध मोरीत ओतलं.

१२ ऑक्टो., रवि.
र.भाई स्वतः आला. टाकी आणि बॅटरी पार पुढच्या फळीखाली नेली, पट्ट्यांनी आवळली, नळी लांब घातली. बर्फाची पेटी काढून टाकली. गावापासून लांब, उलव्याच्या बाजूला नेऊन सोडली.
चार सेकंद!! तोंड उचललंच नाही. सपाटच सुटली, मी मागे पडता पडता राहिलो. समोर बसलेला बगळा शेवटपर्यंत दिसत होता. र.भाईला मिठी मारली.
गावात कोणाला कळू द्यायचं नाही. रंजनालाही नाही. मंग्याची जिरवतो आता.

२१ ऑक्टो., मंगळ. अमावस्या
भरती भरली. दोन्ही होड्या धक्क्याला. मंग्याच्या पंख्यात गोणपाट अडकलं. तो उतरला, कमरेइतकं पाणी, गोणपाट ओढून काढलं. तेवढ्यात ओहोटी लागली, त्याची होडी फिरून माझ्यासमोर आडवी झाली. तो ती ढकलत होता. नानाने टॉवेल टाकला.
मी पिळला.
आवाज असा आला की
पाणी लाल. वैशालीचा, त्याच्या बायकोचा, ओरडा अजून कानात आहे. मीच उडी मारून त्याला बाहेर काढलं. पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. टॉवेल आवळून बांधला, नानाचाच.

२२ ऑक्टो., बुध.
पाय कापला.
पोलीस आले. सांगितलं, "साहेब, होडीचं तोंड वर होतं. दिसला नाही." नाना लगेच म्हणाला, "त्याची होडी तोंड काढतेच, सगल्या गावाला ठावं हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर पाठीवर हात ठेवला माझ्या.

२४ ऑक्टो., शुक्र.
र.भाईचा फोन. "ऐकलं मी. तोंड वर होतं म्हणालास?"
फोन दुसऱ्या कानाला लावला.
"परशुराम, ती टाकी मी माझ्या हाताने आवळली आहे." फोन ठेवला त्याने. कामावर गेलो नाही. जेवलोही नाही.

२६ ऑक्टो., रवि.
हॉस्पिटलला गेलो. वाटलं मंग्या सलाईनची बाटली फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.
"बस," म्हणाला. वैशालीने स्टूल पुढे केलं.
"मी पोलिसाला सांगितलं, याला मी दिसलोच नाय. चूक माझी. तुजी होडी उठायला नऊ सेकंद घेते, मला म्हाईत, तेवढ्यात बाजूला व्हतो म्हनून उतरलो. कशी काय रं सुटली ती?"
म्हटलं, नवीन पंखा.
"हां," म्हणाला. मग उशी सारखी करत, "खुंटाला जाळं तरी लावलंस का?"
जिन्यात बसून रडलो. लाज सोडून, मोठ्याने.

२७ ऑक्टो., सोम.
पोलिसांचा निरोप. उद्या अकराला धक्क्यावर यायचं, त्यांच्यासमोर होडी उभ्या जागेवरून सोडून दाखवायची. तोंड किती उचलते ते बघणार, मग कागद बंद.
टाकी, बॅटरी मागे नेली की तोंड परत उचलेल, त्याला अर्धा तास पुरे. सकाळी पाना घेऊन होडीत गेलो आणि तसाच बसून राहिलो. दुपारी रंजना डबा घेऊन आली. पुढची फळी उघडीच होती. बघितलं तिने.
"टाकी इकडे कधी आली?"
सांगितलं. चार सेकंद, बगळा, सगळं.
"म्हणजे तुम्हाला भाऊजी दिसले होते."
"दिसला होता. पाठमोरा होता. लाल बनियन."
तिने माझ्या हातातला पाना काढून घेतला, डबा तिथेच ठेवला आणि घरी निघून गेली. हाक मारली, वळली नाही.
डबा उघडलेला नाही. टाकी अजून पुढेच आहे. घरी दुसरा पाना आहे, हे तिलाही माहीत आहे.