ओ द्यायचा नाही

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. मुंबईहून रेल्वेने चंद्रपूर आणि तिथून प्रफुल्लभाऊंच्या जिप्सीतून पळसझरी. वाटेत दोन्ही बाजूंना सागवान, मध्येच रानडुकरांचा कळप, आणि रस्ताभर डोक्यावर उघडं आभाळ. केसांत अजून धूळ आहे.

मॉरिशसच्या आमच्या शाळेतून मराठीसाठी यंदा मी एकटीच निवडली गेले. दोन महिने इथे राहायचं, इथल्या मुलांबरोबर अकरावीच्या वर्गात बसायचं. रोजनिशी मराठीतच लिहायची, हा आईचा हुकूम. आमच्या घरात मराठी टिकली आहे ती पूजेपुरती आणि पुस्तकापुरती. रोजचं बोलणं क्रिओलमध्ये. इथली मराठी तर तिसरीच निघाली. दारात पाऊल टाकलं तोच खुशबूने विचारलं, “तुले भूक लागली अशीन ना?” मला दोनदा ऐकावं लागलं.

खुशबू या घरची मुलगी, माझ्याच वयाची. प्रफुल्लभाऊ तिचे वडील, मोहर्लीला व्याघ्रप्रकल्पाच्या गेटवर सफारीची गाडी चालवतात. आई माधवीबाई गावातल्या शाळेत शिकवतात. आणि भाऊंची म्हातारी आई, अंजनाबाई. मी काका-काकू म्हणायला लागले तर खुशबू हसत सुटली. इथे भाऊ आणि बाईच म्हणतात म्हणे. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि गरम सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या. मी पाच खाल्ल्या.

माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर लगेच धानाची शेतं सुरू होतात. पिकत आलेल्या धानाला वास असतो हे मला माहीत नव्हतं.

९ ऑक्टोबर

शाळा आवडली. वाट शेतांमधून जाते, दोन शेतांमधल्या उंच बांधावरून. त्याला इथे धुरा म्हणतात. खुशबू पुढे, मी मागे.

आज एक गंमत लक्षात आली. गावात सगळे मोठमोठ्याने बोलतात, पण शेतात उतरले की कोणी कोणाला हाक मारत नाही. आज सोमाजी नावाच्या शेजाऱ्यांना विळा हवा होता, तर ते अख्खी बांधी, म्हणजे धानाचा अख्खा तुकडा, ओलांडून बायकोपर्यंत चालत गेले, तिच्या खांद्याला हात लावला आणि मग बोलले. मी खुशबूला कारण विचारलं.

“शिवारात हाक नाई मारत,” ती म्हणाली. “अन् तुले कोणी मारली, त ओ नाई द्याचा.”

“काऊन?” मी मुद्दाम तिच्यासारखं विचारलं. ती हसली नाही.

संध्याकाळी माधवीबाईंनी नीट समजावलं. धान उंच झालं की वाघ त्यात बसतो. हाक ऐकून माणूस बेसावध धावत जातो आणि सापडतो, म्हणून जुन्या लोकांनी तसा नियम केला असावा. बाकी काही नाही, भुताखेतांवर आमच्या घरात कोणी विश्वास ठेवत नाही. पटलं. अंजनाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की त्यांची बहीण त्यांना लग्नाआधीपासून हाका मारते. ती कधीच वारली. आपण आपलं कापत राहाचं.

१६ ऑक्टोबर

दोन दिवस सगळे चंद्रपूरला दीक्षाभूमीवर होतो. एवढी माणसं, एवढ्या पांढऱ्या साड्या आणि एवढी पुस्तकांची दुकानं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. गर्दीत खुशबूने माझा हात एकदाही सोडला नाही. येताना आम्ही दोघींनी सारख्याच निळ्या ओढण्या घेतल्या. आईला फोनवर दाखवली. ती म्हणाली, परत येताना माझ्यासाठीही आण.

१९ ऑक्टोबर

दुपारी शाळेतून येताना आईने मला हाक मारली.

जसं घडलं तसं लिहिते. कडक ऊन होतं. खुशबू थोडी पुढे होती. डाव्या हाताच्या धानातून, फार लांबून नाही, आवाज आला: “लवी, विनी.” लवी हे माझं घरचं नाव, इथे मला सगळे लवीना म्हणतात. विनी म्हणजे ये. क्रिओलमध्ये. इथे कोणाला क्रिओल येत नाही.

धान हलत नव्हतं.

मी थांबले होते. खुशबू मागे आली आणि तिने माझं मनगट धरलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. “कोनाचा आवाज होता?” तिने हळूच विचारलं. मी सांगितलं. घरापर्यंत तिने मनगट सोडलं नाही.

आईला फोन केला. ती कामावर होती, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज येत होता. काय गं, अशा वेळी कशी आठवण आली, असं म्हणाली.

२४ ऑक्टोबर

प्रफुल्लभाऊंना सांगितलं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. नाल्याच्या काठावर वाघिणीचे पंजे उमटलेत, तेव्हा एकटीने जायचं नाही, एवढंच म्हणाले. माधवीबाई म्हणाल्या, घरची आठवण येते तेव्हा कान खेळतात. मीही तेच धरून बसले होते. पण आज त्या शेतातून येताना पाहिल्या. ओढणीखाली दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

२८ ऑक्टोबर

रोज दुपारी तीच हाक. आता जास्त बोलते. जेवण निवतंय म्हणते. लहानपणी ताप आला की आई जे म्हणायची ते म्हणते.

भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला जावंसं वाटतं. काल धुऱ्यावरून एक पाय खाली टाकला होता. खुशबूने ओढलं.

ती म्हणाली, कानात गाणी लाव. तिनेच मला तिचे इअरफोन दिले. लावले की काही ऐकू येत नाही.

३ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही.

कापणी सुरू झाली आहे. काल खुशबू आणि मी जेवण घेऊन शेतावर गेलो होतो. बाया कापत होत्या. खुशबू म्हणाली, नाल्याकडे सीताफळं पिकलीत, चार घेऊन येते, तू इथंच बस. मी झाडाखाली बसले. कानात गाणी होती.

दोन गाण्यांच्या मध्ये हाक आली. खुशबूची.

“लवीना, धाव वं. पडली मी.”

मी इकडेतिकडे पाहिलं. कापणाऱ्या बायांपैकी दोघींनी मान वर केली होती. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा विळे चालू झाले. मला वाटलं, आता हे तिच्या आवाजात बोलायला लागलं. मी गाणं मोठं केलं. तरी मध्येमध्ये येत होतं. मग थांबलं.

नाल्याच्या वरच्या अंगाला एक जुनी विहीर आहे, कठडा नसलेली, गवताने झाकलेली. मला ती ठाऊक नव्हती. संध्याकाळी भाऊंनी तिला वर काढलं. तिच्या नखांत माती होती आणि मुठीत उपटलेलं गवत.

ती हाक खरीच होती.

५ नोव्हेंबर

तिचा फोटो बुद्धांच्या मूर्तीजवळ ठेवला आहे. पांढरी फुलं, मेणबत्त्या. वंदना झाली. गाव आलं होतं.

मी माधवीबाईंना सांगितलं, की मला ऐकू आलं होतं. “तुई काई चूक नाई,” म्हणाल्या. “आमीच शिकवलं तुले.”

प्रफुल्लभाऊ दारात होते. त्यांनी ऐकलं. ते म्हणाले, आता कोणाचीही हाक येऊ दे, मी जाईन. एकही सोडणार नाही.

अंजनाबाई रडायला लागल्या. नको रे, नको रे, म्हणत होत्या.

७ नोव्हेंबर

माझं तिकीट झालं आहे. उद्या भाऊ मला चंद्रपूरला सोडतील. आई सारखा फोन करते. मी उचलते, पण तिचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. दोन शब्द बोलून ठेवून देते.

माधवीबाई दुपारी धुऱ्यावर जाऊन उभ्या राहतात. कानात कापूस नसतो. आज मी खिडकीतून पाहिलं, त्यांनी मान वर केली, आणि त्यांचे ओठ हलले.

त्यांनी ओ दिला.

८ नोव्हेंबर, सकाळ

माधवीबाई पहाटेपासून घरात नाहीत. अंजनाबाईंना सोमाजींकडे ठेवलं आहे. भाऊ बाईंना शोधायला चाललेत. गाडी दुपारी निघेल म्हणाले. मी बरोबर येते म्हटलं, तर नाही म्हणाले. माझ्या खोलीला त्यांनी बाहेरून कडी घातली, मी हाकेमागे जाऊ नये म्हणून. बरंच झालं.

थोड्या वेळाने

खिडकीतून भाऊ दिसतात. अर्धी शेतं कापून झाली आहेत, त्यामुळे लांबवर दिसतं. ते धुऱ्यावर फिरताहेत. बाई कुठेच नाहीत.

आवाज येतो आहे. नाल्याकडून. आईचा नाही. खुशबूचाही नाही.

माझा आहे.

“भाऊ, धावा. पडली मी.”

मी असं बोलत नाही. पडले म्हणते मी. पण आवाज माझा आहे, माझाच —

भाऊ थांबले.

मी गजांतून ओरडले, मी इथे आहे, खोलीत आहे, जाऊ नका. त्यांनी घराकडे पाहिलं. मग विहिरीकडे. पुन्हा घराकडे. दोन्हीकडून मीच हाक मारते आहे. एक म्हणते जाऊ नका, दुसरी म्हणते बुडाली मी —

ते विहिरीकडे धावले, गवतात दिसेनासे झाले.

दार उघडत नाही. खुर्ची मारून पाहिली. ओरडून घसा बसला. सोमाजी त्यांच्या अंगणात आहेत, मला दिसताहेत. त्यांनी ऐकलं आहे. ते खाली मान घालून आत गेले. दार लावलं.

शेत शांत आहे. नाल्याकडे काही हलत नाही. मी नजर हटवली नाही तिथून. भाऊ वर आले नाहीत.

फोन वाजतो आहे. आई. उचलत नाही. आई नसली तर —

बाहेर कोणीतरी आहे. दाराशी.

भाऊंचा आवाज. लवीना, चाल, गाडीचा टाइम झाला. हळू, नेहमीसारखा. बाई मिळाली म्हणतात. खुशबूही —

पण धुऱ्यावरून कोणीच आलं नाही. मी पाहत होते. विहिरीकडून घराकडे यायला दुसरी वाट नाही. कोणीच नाही आलं.

पुन्हा हाक मारतात. मी ओ देणार नाही. नाही देणार. आई, तोंडून निघून गेला, मी ओ दिला ना —

कडी सरक —