साहेब कोणासमोर बसतात

तीर्थरूप आक्का,

तुझ्या धाकट्या आणि सध्या तू वाळीत टाकलेल्या भावाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (उजवा. डाव्याची चौकशी फोनवर करणार होतो, पण तू माझा आवाज ऐकला की फोन ठेवतेस. म्हणून पत्र. निदान ते मध्येच तोडता येत नाही.) माझी तब्येत झकास आहे. भूक लागते, झोपही येते, फक्त दोन्ही भलत्या वेळी. साहेबही बरे आहेत, म्हणजे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात आणि मी हाक मारली की एक कान हलवून पोच देतात.

साहेबांबद्दल तुझ्या मनात अढी बसली आहे ती काढावी म्हणून हा खटाटोप. तुला वाटतं, मी एका म्हाताऱ्या कुत्र्याला डोक्यावर चढवून ठेवलंय. पण आक्का, हा साधासुधा कुत्रा नाही. श्वानपथकात ते हुद्द्याने माझ्या एक पायरी वर होते, म्हणून तर सगळे साहेब म्हणायचे. त्यांची कामाची पद्धतही साहेबी. भुंकणं नाही, अंगावर जाणं नाही. ज्याच्याकडे गांजाचा माल असेल त्याच्यासमोर जाऊन शांत बसायचं, वर त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि मग वळून माझ्याकडे: आता बक्षिसाचा चेंडू टाका. एवढंच. ते बसले की निकाल लागला. माणसं शपथा घ्यायची, आईची, पोरांची, रडायचीसुद्धा. मी सगळ्यांना एकच सांगायचो, बाबा रे, माणूस खोटं बोलतो, कुत्रा बोलत नाही. या एका वाक्यावर मी अख्खी नोकरी काढली.

मग सरकारने गांजावरची बंदी उठवली. पिकवणाऱ्यांचा विचार झाला, विकणाऱ्यांचा झाला, कर गोळा करणाऱ्यांचा तर सगळ्यात आधी झाला. श्वानपथकाचा कोणीच केला नाही. कुत्र्याला एकदा शिकवलेला वास काढून घेता येत नाही, आणि काल गुन्हा होता तो आज धंदा झाला हे त्याला कायदा वाचून दाखवून पटत नाही. तेव्हा जुने कुत्रे घरी, आणि माझीही वर्षं भरत आली होती म्हणून मीही घरी. निरोपसमारंभात सगळी भाषणं साहेबांवर झाली. मला शेवटी आभार मानायला उभं केलं.

आणि आता आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर गांजाचं रीतसर दुकान येणार म्हटल्यावर रहिवाशांची सभा भरली. (तू गेल्यानंतरची गोष्ट.) विरोधात तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर. हेच ते, जे रोज संध्याकाळी माझ्याकडे बुद्धिबळाला यायचे आणि हरले की उजेड कमी आहे म्हणायचे. ते म्हणाले, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नशेचं दुकान म्हणजे आपण हाताने दिलेलं आमंत्रण. बाजूने शेजारची नर्स. ती म्हणाली, बंदी होती तेव्हा हाच माल आपल्या जिन्याखाली मिळत होता, त्यात काय मिसळलंय ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि पकडली जायची ती वीस वर्षांची पोरं, विकणारा कधीच नाही. मला दोघांचंही पटत होतं. (मी पकडलेला एक जण परवा रस्त्यात भेटला. एका पुडीपायी त्याची नोकरी गेली होती. आता तीच पुडी पावतीसकट मिळते. त्याने साहेबांना नमस्कार केला, मला नाही. मला वाईट वाटलं.)

तर जाणकार म्हणून माझं मत विचारणार, एवढ्यात मास्तर भाषण संपवून तावातावाने दाराकडे निघाले. माझ्या पायाशी पडलेले साहेब उठले, सगळ्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढत गेले आणि मास्तरांच्या पुढ्यात बसले. वर बघितलं. मग माझ्याकडे. मास्तरांनी एकेक खिसा उलटा केला: रुमाल, चष्म्याचं घर, पेपरमिंटच्या गोळ्या. नर्ससुद्धा हसली नाही, पण मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मास्तर गेले. दुकानाचा ठराव पास झाला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठून समजूत घातली, की मास्तर, आता तो गुन्हा राहिलेला नाही, लाजायचं काय त्यात? तेव्हापासून ते आलेले नाहीत. मी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळतो आणि दोन्हीकडून हरतो.

तुझं तसंच झालं. तू महिनाभर राहायला आलीस, घरात दोन माणसांचा आवाज आला, तुझी भावजय गेल्यापासून पहिल्यांदा आमटीत मीठ बरोबर पडलं. आणि नुसती बाजारात जायला म्हणून तू पिशवी उचललीस तर साहेब तुझ्यासमोर बसले. तू रागाने पिशवी जमिनीवर पालथी केलीस: गुडघ्याचा बाम, पाकीट, आईचा फोटो. मी म्हणालो, लपवायच्या जागा मला चांगल्या ठाऊक आहेत. (आवाज जरा कामावरचा निघाला असेल, मान्य.) तू त्याच दिवशी गेलीस. पण आक्का, अजूनही सांगतो, या वयात दुखण्यासाठी कोणी थोडंसं घेतलं तर मी काही म्हणणार नाही. तू फक्त कबूल कर, विषय संपला. मी मोठ्या मनाने विसरायला तयार आहे.

इथे आता कोणी फिरकत नाही. दूधवाला पिशवी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून पळतो. माणसं नाहीत म्हणून साहेबांना कोणासमोर बसताही येत नाही, आणि ते खंगत चाललेत. कामावर असताना कुत्र्याला बरेच दिवस काही सापडलं नाही की तो असाच खट्टू व्हायचा. मग आम्ही आमच्यातल्याच एकाच्या खिशात पुडी ठेवून ती त्याला सापडू द्यायचो. तोच उपाय करायचं ठरवलं. टोपी कपाळावर ओढून खालच्या दुकानात गेलो. (दुकानातल्या बाईंनी मला आधीचा अनुभव विचारला. म्हटलं, तीस वर्षांचा.) सगळ्यात लहान पुडी घेतली, खिशात घातली, वर येऊन साहेबांसमोर येरझारा घातल्या. ढिम्म. पुडी त्यांच्या नाकासमोर धरली. ते शिंकले आणि तिच्यावरच हनुवटी टेकवून झोपले. सर्दी झाली असावी. उद्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेतो. तू मात्र विचार कर आणि कबूल कर.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं होतं, बरंच झालं. डॉक्टरकडून आत्ताच आलो. सर्दी नाही. साहेबांचं नाक गेलंय, आणि कालपरवा नाही, दोन वर्षं तरी झाली असतील म्हणतात. म्हणजे नोकरीच्या शेवटच्या वर्षात ते ज्यांच्यासमोर बसले त्यांचं काय, हा विचार वाटेत डोक्यात आला आणि मी फुटपाथवरच थांबलो. त्यातल्या कितीतरी जणांकडे काही सापडलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, बेट्याने लपवलंय भारी.

पुन्हा ता. क. : डॉक्टरांना विचारलं, मग हे लोकांसमोर बसतात कशाला? ते म्हणाले, सोपं आहे. आयुष्यभर हा ज्याच्यासमोर बसला तो माणूस जागचा हलला नाही. कोणी जाऊ नये असं वाटलं की हा बसतो.

आणखी एक : मास्तरांचं दार वाजवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज मात्र आला नाही. उद्या पुन्हा जाईन.

शेवटचं : वर लिहिलेलं कबूल करण्याबिबूल करण्याचं सगळं खोडून टाक. मला खोडवत नाही, पानंच्या पानं काळी होतील. आक्का, तू खरं सांगत होतीस आणि मी कुत्र्याचं ऐकलं. ते तरी नीट कुठे ऐकलं? तो तुला थांब म्हणत होता, आणि मी तुझी पिशवी तपासत होतो. मला एकट्याला हे घर खायला उठतं. ये. मी तुला दारात थांबवणार नाही, आणि जाऊही देणार नाही.