मेंढ्याची धडक आणि डायनाआजीचं वाक्य

टेमरताई, कोपरापासून नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? आधी कबुलीच देतो: मी पाद्रीबाबांना थाप मारली, आणि तिचा फटका बसला डायनाआजीला.

झालं असं. तू ज्यांच्या घरी कामाला आहेस ते मालक शहरात तो मोठा शब्दकोश करतायत ना, त्यासाठी आपले नवे पाद्रीबाबा घरोघर जुने शब्द गोळा करत हिंडतात. (अख्ख्या यॉर्कशायरात चिखल, आणि ह्यांना सापडायचेत शब्द!) दुखण्याला आपण 'पेन' म्हणतो, तो शब्द आला कुठून, असं त्यांनी मला विचारलं. त्यांच्या हातात गूजबेरीचा केक होता. मी म्हटलं, आमच्या खापरपणजोबांना मेंढ्यानं मागून धडक दिली, तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तोच हा शब्द. बाबांनी भक्तिभावानं लिहून घेतलं, मला केक दिला आणि कागद धाडला तुझ्या मालकांकडे. उत्तर आलं की शब्द रोमहून फ्रान्समार्गे आलाय, मूळ अर्थ शिक्षा, दंड. मेंढा कृपया गावातच बांधून ठेवावा.

बाबांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. आणि नेमकी तेव्हाच डायनाआजी काठी टेकत त्यांच्या दारात गेली. म्हणाली, "अहो, दंडच तर! माझ्या बापाची बदकं गावच्या कुरणात शिरली, तर पंचांनी त्याच्यावर 'पेन' बसवला होता. असंच म्हणायचे तेव्हा." खरं होतं गं सगळं! पण बाबा म्हणाले, "त्या जेबेझनं पढवलं ना? केक हवाय का तुम्हालाही?"

आजी आल्या पावली माघारी वळली. जन्मात तिला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. मी कुंपणामागेच होतो. पण मी मध्ये बोललो असतो तर तिचं खरंही खोटं ठरलं असतं. (ही सबब आहे, कळतंय मला. घाबरलो होतो.) आता तिनं अंथरूण धरलंय. सूप घेऊन गेलो तर म्हणाली, "बापाच्या थडग्यावर साधा दगड नाही रे. निदान त्याचा शब्द तरी पुस्तकात राहिला असता." सूप तसंच राहिलं. (कांदाही जास्त झाला होता.)

तुझा नालायक भाऊ,
जेबेझ

ता.क. सोबतच्या चिठ्ठीवर आजीचं वाक्य आहे, शब्द न शब्द तिचा. मालकांचं टेबल पुसताना त्यांच्या शब्दांच्या चिठ्ठ्यांच्या ढिगात हळूच सरकव.

ता.क. पुन्हा: त्या चिठ्ठीखालची पाद्रीबाबांची सही मीच केलीय. आजीला सांगितलं, बाबांनीच पाठवलं. तर उठून बसली आणि कांद्यासकट सूप प्यायली. तेव्हा ताई, पाया पडतो, कुणालाही सांगू नकोस.