गाडीची खडखड ठेवावी की घालवावी

गाझियाबाद, रविवार

तीर्थस्वरूप लीला आत्यास विनयचा मनापासून जयभीम. मामाजींनाही सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? इकडे मी ठीक, गाडी ठीक नाही. (तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगितलं.)

तुम्ही दोघं दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून अमरावतीला गेलात आणि जाताना गाडी मला दिलीत, त्याला आता दीड वर्ष होईल. तिचे पुढचे बुश गेलेत. बुश म्हणजे चाकाच्या दांड्यात बसवलेली रबराची जाड बांगडी. ती झिजली की प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं. खडखड तुमच्या वेळेपासूनच होती, आता वाढली आहे. मी म्हटलं घरीच बदलतो, तर मिस्त्री म्हणाला, ‘‘बेटा, ये घर का काम नहीं है, प्रेस लगेगी.’’ (प्रेस म्हणजे दाब देऊन बुश काढायचं-बसवायचं यंत्र.) मला कोणी असं म्हटलं की काय होतं ते तुला माहीत आहे. (बी.ए. तुझ्याने होणार नाही असं कोणी वेळेवर म्हटलं असतं तर आज मी ग्रॅज्युएट असतो.)

तेव्हा नवे बुश आणले, गाडी जॅकवर चढवली आणि व्हिडिओ लावला. व्हिडिओवाल्याच्या मागे असे डोंगर होते की मी पाना ठेवून दुपारभर स्पितीचे रस्तेच बघत बसलो. (यार आत्या, तिथे जायला पाहिजे एकदा.) मग आठवलं, चाक काढलेलं आहे. नवा बुश गार केला की आखडतो आणि पटकन बसतो म्हणे, म्हणून तो घरमालकीण शालिनीताईंच्या फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवला. त्यांनी विचारलं हे काय, मी म्हणालो औषध. जुना मात्र निघेना. शेवटी तू ठेच्यासाठी दिलेल्या खलबत्त्यातला बत्ता घेऊन दणके घातले. बुश जागचा हलला नाही आणि माझ्या ठेच्याला आता ग्रीसचा वास येतो.

चाक परत लावलं आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायला निघालो, तो लक्ष्मीबाई नगरला पोचलो. तुमच्या गेटाजवळच्या स्पीडब्रेकरवर गाडी खडखडली आणि मी सवयीने वर बाल्कनीकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. तुमची गाडी मागून नेऊन मी चार-चार दिवस गायब व्हायचो, पण परतल्यावर याच आवाजावर तू चहा टाकायचीस. जिना चढेपर्यंत उकळी आलेली असायची. कुठे होतास असं कधी विचारलं नाहीस. ‘‘ऐकली रे गाडी, बस,’’ एवढंच.

म्हणून अडलंय. बुश बदलले तर ती खडखड जाईल. नाही बदलले तर, मिस्त्री म्हणतो, एखाद्या दिवशी चाक आपल्या मनाने वळेल. तू सांग. तुझं उत्तर येईपर्यंत मी गाडीला हात लावत नाही.

तुझा भटक्या,
विनय

ता. क. औषध पकडलं गेलं. शालिनीताईंनी ते मटारांसकट माझ्या दारात ठेवलं.

ता. क. दुसरा : पत्र टाकायचं राहिलं, मधे आठवडा गेला. काल मिस्त्रीकडूनच बुश बदलून घेतले. गाडी इतकी गप्प चालते की वाटलं, चुकून दुसऱ्याचीच घेऊन आलो.

ता. क. तिसरा : पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिच्यातूनच अमरावतीला पोचतोय. (वाटेत कुठे वळलो नाही तर.) या वेळी तुला काही ऐकू येणार नाही. चार वाजल्यापासून दार उघडं ठेवशील?