डोलोरेसचं निळं भांडं

प्रिय सुजाताताई,

जयभीम. आमची इमारत विकली गेली. इतके दिवस मेन स्ट्रीटवर नुसती कुजबुज होती. काल सकाळी मालकाच्या मुलानं स्वतः दुकानात येऊन, डोक्यावरची टोपी काढून सांगितलं. खाली बँक येणार, वर फ्लॅट होणार. महिनाअखेरीला जागा सोडायची. "मनावर घेऊ नकोस," म्हणाला. मी त्याला चहा दिला. तोही पिऊन गेला. मला वाईट वाटून घ्यायलासुद्धा सवड नव्हती, कारखान्याची पहिली पाळी जेवायला यायची वेळ झाली होती.

तू हे गाव कधी पाहिलं नाहीस. अनुपबरोबर मी इथे आले तेव्हा बॅटरीच्या कारखान्याचे नुसते खांब उभे होते, आणि इंडियानातल्या या मक्याच्या शेतांत कुठून कुठून माणसं येऊन पडली होती. राहायला जागा नाही, म्हणून चर्चनं आपल्या पार्किंगमध्ये ट्रेलर उभे करू दिले. मेन स्ट्रीटवरची बंद शटरं एकेक करून उघडली. बुटांचं दुकान, न्हावी, टॅटूवाला, हत्यारं गहाण ठेवून घेणारा, डोलोरेसची लाँड्री आणि तिच्या भिंतीला भिंत लावून माझी खाणावळ. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. नवा गडी आला की विचारतो, हा सूटवाला कोण, मालक का? मी म्हणते, हो, मालकच. मग तो तिखट लागलं तरी गपचूप खातो.

अनुपचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, तो दूर बेलव्ह्यूला गेला आणि आमचा संसार सोडून तिथलाच झाला, हे तुला ठाऊक आहे. मी मात्र राहिले. तेव्हा रांग रस्त्यापर्यंत जायची. आता कारखान्याला स्वतःचं कॅन्टीन झालंय आणि हायवेला मोठाली हॉटेलं. गाव वाढलं, ताई, फक्त ते आमच्या अंगावरून पलीकडे गेलं.

डोलोरेसचं सांगते. मी दुकान उघडलं त्या आठवड्यात तिनं निळ्या काचेच्या भांड्यात मक्याचा काहीतरी गोडसर प्रकार आणून दिला. आता भांडं रिकामं कसं परत करायचं? नागपूरला आपली आई शेजारणीच्या वाटीत चिमूटभर साखर तरी घालायचीच. मी सावजी रस्सा भरून दिला. तिनं परत केक भरून पाठवला. मी पाटवडी दिली, तिनं ॲपल पाय. हे इतकी वर्षं चाललं. कधी कंबर मोडलेली असायची, तरी ते भांडं ओट्यावर दिसलं की उठून काहीतरी करावंच लागायचं.

काल संध्याकाळी तिनं ते काउंटरवर ठेवलं. मी झाकण काढलं. आत काही नव्हतं, नुसतं धुऊन कोरडं केलेलं. इमारतीचं तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, "हनी, आता हे तुझ्याकडेच ठेव. आणि खरं सांगू? मला वाटायचं, रिकामं दिलं तर तुमच्यात अपमान होत असेल. म्हणून मी गुडघे दुखत असतानाही बेक करत होते." मी म्हटलं, मावशी, मी पण फक्त तुझ्यामुळेच करत होते. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग मी विचारलं, तू आता कुठे जाणार? मुलीकडे, म्हणाली. काय घेऊन जाणार? काही नाही. मुलीनं माझ्यासाठी खोली झाडून ठेवलीय, बस्स.

ती गेल्यावर मी वरच्या फळीवरचा तुझा डबा काढला. तुझ्या घरून, ट्रॉयहून निघताना तू बेसनाचे लाडू भरून दिला होतास, तोच. चांगली नोकरी सोडून खाणावळ काढतेय म्हणून नरेंद्रभाऊजी थट्टेत म्हणाले होते, बघू, परत येताना यातून काय आणतेस. ते विसरले असतील. तू दर उन्हाळ्यात फोनवर विचारतेस, अर्ध्या दिवसाचा तर ड्राइव्ह आहे, येत का नाहीस? मी दुकानाचं कारण सांगत आले. कारण दुकान नव्हतं, ताई, डबा होता. त्यात घालण्यासारखं काही हाताला लागेल, मग जाऊ, असं दर वर्षी वाटायचं.

शनिवारी जुनं सामान घेणारा ट्रक घेऊन येईल, शेगड्या आणि टेबलं नेईल. रविवारी सकाळी फोटो उतरवून मी निघेन, अंधार पडायच्या आत तुझ्या दारात असेन. दोन दिवसांसाठी नाही, राहायलाच येतेय. डबा रिकामाच आणतेय, घासून लख्ख केलाय. उघडून बघू नकोस, असं लिहिणार होते. पण उघड.

तुझीच,
उपासना